एकरी किती होणार? कापणीच्या आधी गहू मोजायची साधी पद्धत

मार्च लागला की आमच्याकडं, म्हणजे निफाड-सिन्नर पट्ट्यात, पारावर एकच विषय, एकरी किती काढला. कुणी १५ क्विंटल सांगतो, कुणी १८, आणि एक जण कायम असा असतो की जो २४ च्या खाली येतच नाही. त्याला विचारा, एकर मोजला कसा, पोतं कितीचं होतं, लगेच विषय कांद्याच्या भावावर जातो.

मी पण त्यातलाच होतो. एका वर्षी मी गावभर सांगत फिरलो की वरच्या वावरात एकरी १८ क्विंटल झाला. हिशोब सोपा होता, ३६ कट्टे भरले, कट्टा ५० किलोचा, झाले १८ क्विंटल. पुढं वर्षभरानं भावाभावांत बांधावरनं मोजणी आली तेव्हा कळलं की आम्ही ज्याला पिढ्यानपिढ्या एक एकर म्हणतोय ते वावर ४६ गुंठ्यांचं आहे. आणि कट्टे भरले होते डब्यानं मापून, घरात शिल्लक होते त्यातले चार काट्यावर टाकले तर सरासरी साडेसेहेचाळीस किलो. म्हणजे ३६ गुणिले ४६.५, १६७४ किलो, भागिले ४६ गुंठे, गुंठ्याला ३६ किलो आणि काही ग्रॅम. ४० गुंठ्यांचा एकर धरला तर साडेचौदा क्विंटल. साडेतीन क्विंटल नुसते बोलण्यात पिकले होते.

तेव्हापासून मी गहू उभा असतानाच मोजतो. यात फायदा नुसता आकडा कळण्याचा नाही, तो तर काट्यावर पण कळतो. उभ्या पिकात मोजलं की उत्पन्न कुठं गेलं ते कळतं, म्हणजे ओंब्याच कमी होत्या, का ओंबीत दाणे कमी, का दाणा बारीक. तिन्हीची कारणं वेगळी आणि तिन्हीचा उपाय पण वेगळा. काट्यावर हे तिन्ही एकाच पोत्यात गेलेले असतात, मग आपण म्हणतो यंदा बियाणंच खराब होतं.

पद्धत सांगतो. गणित एकच आहे, १ चौरस मीटरमधल्या ओंब्या, गुणिले एका ओंबीतले दाणे, गुणिले एका दाण्याचं वजन. हे मोजायचं कधी, तर दाणा चिकातून बाहेर पडून कडक व्हायला लागला, नखानं दाबला तर खूण पडते पण दूध निघत नाही, तेव्हा. आमच्याकडं वेळेवर पेरलेला गहू फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात या अवस्थेला येतो.

चौरस मीटरला चौकट लागते. सुरवातीला मी लाकडी चौकट केली होती, उभ्या गव्हात ती घालताना निम्मा गहू मोडला. आता ठिबकची जुनी १६ एमएमची नळी वापरतो. नळीचा ३ मीटर ५४ सेंटिमीटरचा तुकडा कापायचा, दोन्ही टोकांना जॉइनर लावून गोल केला की आत बरोबर १ चौरस मीटर जागा येते. जॉइनर घट्ट बसवायचा नाही, कारण उभ्या पिकात नळी जमिनीलगत सरकवत फिरवायची आणि मग टोकं जोडायची. ज्याचं मूळ नळीच्या आत त्याची ओंबी आत, वरनं वाकून आत आलेली ओंबी धरायची नाही.

पाभरीनं नाहीतर ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रानं ओळीत पेरलेला असेल तर नळी पण नको, टेप असला की झालं. दोन ओळींत साडेबावीस सेंटिमीटर अंतर असेल तर १ मीटर ओळीतल्या ओंब्या मोजून ४.४४ नं गुणा. उशिराची पेरणी १८ सेंटिमीटरवर असते, तिथं ५.५५ नं. म्हणजे साडेबावीसच्या ओळीत मीटरला ६८ ओंब्या भरल्या तर चौरस मीटरला ३०० झाल्या.

आता जागा कुठली निवडायची, इथंच सगळे फसतात, मी पण फसायचो, कारण हात आपोआप चांगल्या गव्हाकडं जातो. दांडाजवळचा, म्हणजे पाण्याच्या पाटाजवळचा, पहिला वाफा धरू नका, तिथं पाणी जास्त मुरतं आणि युरिया पण तिथंच जास्त पडलेला असतो. बांधाकडचा गहू नको, बाभळीच्या सावलीतला नको, पण म्हणून बारीक गव्हाची जागा टाळायची असं पण नाही. बांधापासून सात-आठ पावलं आत जायचं, मग तिरकं चालायचं, खाली न बघता वीस पावलं मोजायची, पाय थांबेल तिथं नळी टाकायची. असं पाच ठिकाणी. पाच कमीच आहेत खरं तर, पण आठ-दहा म्हणलं की कोण करणार नाही.

मोजायला सकाळी दव वाळल्यावर जा. दवात कुसळं भिजलेली असतात आणि बाह्या ओल्या होतात, आणि दुपारी तीच कुसळं अंगरख्यात घुसून रात्रभर टोचतात. मी आणि माझी पोरगी मिळून मोजतो, ती ओंबी बोटानं दाबून आकडा म्हणते, मी दहाला एक खडा खिशात टाकतो. एकदा २३० पर्यंत गेल्यावर शेजारच्यानं बांधावरनं विचारलं काय हरवलंय का, आकडा विसरलो आणि पुन्हा पहिल्यापासनं. खड्यांची आयडिया त्या दिवसापासनं.

ओंब्या मोजून झाल्या की प्रत्येक जागेवरनं दहा ओंब्या तोडायच्या. इथं पण हातचलाखी नको. मोठ्या ओंब्या मूळ झाडाच्या असतात, खाली बुटक्या असतात त्या फुटव्यांच्या, दोन्ही उत्पन्नात येतात. म्हणून डोळे झाकून मूठभर काड धरायचं आणि त्या मुठीत सलग येतील त्या दहा घ्यायच्या. तळहातावर चोळा, फुंकर मारा, दाणे मोजा. पन्नास ओंब्यांचे दाणे मिळून भागिले पन्नास. आमच्याकडं बागायतीत ३० ते ४० दाणे निघाले की गहू बरा समजायचा.

उरलं वजन. सगळे दाणे एकत्र करून त्यातले हजार मोजा आणि किचनच्या डिजिटल काट्यावर टाका. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुरतो. दाणा ओला असेल तर आधी दोन-तीन दिवस उन्हात वाळवा, दाताखाली कट्ट वाजला पाहिजे, नाहीतर पाण्याचं वजन धरून बसाल. आपल्याकडच्या जातींचं हजार दाण्यांचं वजन चांगल्या वर्षी ४० ग्रॅमच्या आगंमागं येतं, लोक-१ सारखा टपोरा असेल तर त्याच्या वर.

मग हिशोब. समजा ३०० ओंब्या, ३५ दाणे, हजार दाणे ४० ग्रॅम. ३०० गुणिले ३५ म्हणजे १०,५०० दाणे, त्यांचं वजन ४२० ग्रॅम. हे झालं चौरस मीटरचं. याला २५ नं भागा, एकरी क्विंटल मिळतात, १६.८. आणि गुंठ्याचं पाहिजे असेल तर त्याच्याहून सोपं, शेवटचं शून्य काढून टाका, गुंठ्याला ४२ किलो. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, साधारण १०१ चौरस मीटर, म्हणून हे जमतं. मला गुंठ्याचा हिशोब बरा वाटतो कारण आपली वावरं पूर्ण एकराची कुठं असतात, २७ गुंठे, ३२ गुंठे, आणि सातबाऱ्यावरचं क्षेत्र लिहिताना पोटखराबा वजा करा, विहीर, गोठा आणि गाडीवाट यात गहू येत नाही.

आलेल्या आकड्यातनं १० ते १५ टक्के कमी करा. वळणावरचा तुडवलेला, उंदरानं नेलेला, काढताना सांडलेला, सगळं त्यात आलं.

एकरी १६-१७ आला तर नाराज होऊ नका. महाराष्ट्राची सरासरी हेक्टरी २० क्विंटलच्या पण खालीच घुटमळते, म्हणजे एकरी ७-८. देशाची सरासरी हेक्टरी ३५ च्या आसपास आणि पंजाब चांगल्या वर्षी ५० च्या जवळ जातो. ऐकलं की लोक लगेच म्हणतात आपले शेतकरी आळशी. अरे, तिकडं जवळपास सगळा गहू ओलिताखाली आणि पीक वावरात १४०-१५० दिवस उभं असतं, वैशाखीला काढणी. आपल्याकडं थंडी सव्वादोन-अडीच महिन्यांची, गहू १०५ ते १२० दिवसांत वाळून उभा, आणि राज्यातला बराच गहू एक-दोन पाण्यावर नाहीतर नुसत्या ओलीवर येतो. त्यामुळं बरोबरी लुधियान्याशी नको, आपल्याच मागच्या वर्षाशी करा.

थंडीवरनं आठवलं, डिसेंबर-जानेवारीत टीव्हीवर निफाडचा पारा उतरल्याची बातमी येते ना, त्या रात्री आमच्याकडं द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवून जागे असतात आणि गहूवाले गोधडीत निवांत. दोन्ही पिकं असणाऱ्याचं काय होतं ते त्यालाच विचारा.

तर आता तीन आकडे हातात आलेत. त्यातला कुठला लंगडा आहे ते बघा.

ओंब्या कमी असतील, म्हणजे चौरस मीटरला २५० च्या खाली, तर गडबड पहिल्या २५ दिवसांत झालीय. बी कमी पडलं, खोल पडलं, नाहीतर पहिलं पाणी चुकलं. गव्हाला मुळं दोनदा येतात. पहिली बियातनं, आणि मग १८ ते २१ दिवसांनी जमिनीच्या वरच्या थरात, इंच-दीड इंचावर, दुसरी येतात, त्यांना मुकुटमुळं म्हणतात, आणि फुटवे त्यांच्याच जिवावर उभे राहतात. त्या वेळी वरचा थर कोरडा असला की फुटवे मार खातात आणि नंतर कितीही पाणी पाजा, ते परत येत नाहीत. नेमकं त्याच आठवड्यात लाईटचं वेळापत्रक रात्रीचं असतं आणि आपण म्हणतो दोन दिवसांनी भरू, दोनाचे आठ होतात. माझं एका वर्षी ३१ व्या दिवशी पाणी झालं होतं, मोटर जळाली म्हणून. त्या वर्षी मीटरला ५२ ओंब्या मोजल्या, म्हणजे चौरस मीटरला २३०.

पण हे फेब्रुवारीत कळून उपयोग काय, म्हणून एक मोजणी आधी पण करा, उगवून आल्यावर पंधराव्या दिवशी. एकरी ४० किलो बी टाकलं आणि हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅम असेल तर एकरात १० लाख दाणे पडले, चौरस मीटरला २४७. साडेबावीसच्या ओळीत मीटरला ५५ दाणे, त्यातले ४५ ते ५० उगवलेले दिसले पाहिजेत. ३५ दिसले तर पाभरीचं एखादं नळकांडं तुंबलं होतं का बघा, सलग ओळ रिकामी असते तेव्हा बहुतेक तेच निघतं. आणि बी पेरायच्या आधी हजार दाणे तोलायची सवय लावून घ्या. दाणा ५० ग्रॅमचा टपोरा असेल तर तेवढ्याच झाडांसाठी एकरी ५० किलो लागतं, आणि ४० किलो हा आकडा सगळ्यांना पाठ असल्यामुळं टपोऱ्या बियाण्याचा गहू विरळ होतो आणि शिव्या कंपनीला. उलटं पण करू नका, आमच्याकडं काही जण ६०-७० किलो फेकतात, तो गहू दाट होतो, उंच वाढतो आणि ओंबी भरली की पहिल्या वाऱ्यात लोळतो.

ओंबीतले दाणे कमी असतील, २५ च्या आत, तर कांडी धरल्यापासनं फुलोऱ्यापर्यंत उपासमार झाली. ४०-४५ दिवसांचं आणि ६०-६५ दिवसांचं पाणी आठवून बघा. विहीर कमी असेल तर निफाडच्या गहू संशोधन केंद्राची आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस मला पटते आणि मी ती पाळतो. दोनच पाणी असतील तर एक २०-२२ दिवसांनी आणि दुसरं ६०-६५ ला. तीन असतील तर मध्ये ४०-४२ चं घाला. आणि एकच असेल तर ते ४०-४२ दिवसांनी.

दुसरं कारण नत्र. शिफारस हेक्टरी १२०:६०:४० ची आहे, म्हणजे इतके किलो नत्र, स्फुरद आणि पालाश, ती दुकानात जाऊन सांगता येत नाही म्हणून पोत्यांत सांगतो. एकराला १०:२६:२६ या मिश्रखताच्या ५० किलोच्या दोन गोण्या पेरताना, सोबत युरिया ३० किलो, आणि पहिल्या पाण्याच्या वेळी, तीन आठवड्यांनी, युरिया ५२ किलो. म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या दोन गोण्यांत काम भागतं आणि थोडा उरतो. उरलेला गव्हावर टाकू नका. हिरवागार दिसतो, मावा येतो, लोळतो. माती परीक्षण केलं असेल तर त्याप्रमाणं कमी-जास्त करा, माझ्या खालच्या वावरात पालाश भरपूर निघालं, तिथं मी १०:२६:२६ सोडून डीएपीवर आलो, त्यात पालाश नसतं.

आता तिसरं, दाणा बारीक. ओंब्या ३००, दाणे ३५, सगळं छान, पण हजार दाणे ३२ ग्रॅम. तर ४२० चे ३३६ ग्रॅम होतात आणि एकरी १६.८ चे साडेतेरा. म्हणजे सव्वातीन क्विंटलच्या वर गेले आणि वावरात उभं राहून बघणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण ओंब्या तेवढ्याच दिसतात. तळहातावर घेतल्यावर कळतं, दाणा सुरकुतलेला, पोट आत गेलेलं.

याचं कारण दहात आठ वेळा उशिराची पेरणी. दाणा भरायच्या वेळी ऊन तापलं की गहू घाईनं पिकतो, भरतो कमी. २०२२ चा मार्च आठवा, देशात १२२ वर्षांतला सगळ्यात गरम मार्च, तेव्हा पंजाब-हरियाणाच्या गव्हाचं पण हेच झालं होतं आणि मे महिन्यात सरकारनं निर्यात बंद केली. आपल्याकडं हे थोड्या प्रमाणात दर वर्षी होतं. बागायती गहू १ ते १५ नोव्हेंबरच्या आत पेरा असं म्हणतात आणि पुढच्या प्रत्येक पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटल, म्हणजे एकरी क्विंटलभर, कमी धरायचा. सोयाबीन वेळेत निघालं तर हे जमतं. लाल कांद्यामागं गहू करणाऱ्याला जमत नाही, त्याचा कांदाच डिसेंबरात निघतो. त्यानं मग जात तरी उशिराची घ्यावी, निफाडची एनआयएडब्ल्यू ३४ त्यासाठीच आहे, फुले समाधान वेळेवर आणि उशिरा दोन्हीला चालते. बी एकरी ५० ते ६० किलो आणि ओळ १८ सेंटिमीटरवर, कारण उशिराच्या गव्हाला फुटवे कमी येतात. निफाडच्या जातींची नावं बघा एकदा, त्र्यंबक, तपोवन, पंचवटी, गोदावरी, नाशिकदर्शनाची बसच. पुण्याच्या आघारकर संस्थेचा एमएसीएस ६४७८ पण चांगला आहे, ११० दिवसांत येतो, साताऱ्याच्या करंजखोपमध्ये त्याचं हेक्टरी ४५ ते ६० क्विंटल निघाल्याचं आलं होतं. वेळेवर पेरला आणि पाणी पूर्ण असलं तर, हे मात्र विसरू नका.

बारीक दाण्याची बाकी कारणं तांबेरा, शेवटचं पाणी तोडणं, आणि गहू आडवा होणं. शेवटचं पाणी वारं असताना देऊ नका एवढंच सांगतो. ओंबी जड असते, जमीन ओली होते, आणि संध्याकाळी गार वारं सुटलं की सगळा सारा झोपतो.

काढणीच्या दिवशी अजून एक मोजणी करा, पाच मिनिटं लागतात. हार्वेस्टर पुढं गेला की मागं तीच नळी टाकायची आणि आत सांडलेले दाणे वेचून मोजायचे. साधारण २५ दाणे म्हणजे एकरी ४ किलो. १०० दाणे सापडले तर १६ किलो गेले, ते चालतं, ३०० च्या वर सापडले तर ड्रायव्हरला थांबवा आणि वेग कमी करायला सांगा, तोंड वाकडं करेल पण करतो. थ्रेशरनं काढत असाल तर भुसा मुठीत घेऊन फुंका, दाणे दिसले तर पंख्याची हवा जास्त झालीय.

माझा मागच्या हंगामाचा हिशोब वहीतनं जसाच्या तसा देतो. वावर ३२ गुंठे, सोयाबीनवर गहू, पेरणी १९ नोव्हेंबर. पाच जागांच्या ओंब्या २८८, ३१२, २४१, ३०५, २७४, सरासरी २८४. ओंबीला दाणे ३४. हजार दाणे ३९ ग्रॅम. चौरस मीटरला ३७७ ग्रॅम, गुंठ्याला ३७.७ किलो, वावरात १२ क्विंटल ५ किलो पाहिजे होता. काट्यावर भरला १० क्विंटल ७० किलो, एकरी १३.४. घट ११ टक्के. हार्वेस्टरमागं सरासरी ११० दाणे होते, त्यात गेले १४ किलो. बाकीचे १२० किलो मला बरेच दिवस सापडत नव्हते, त्यातल्या तीसेक किलोंचा पत्ता मेमध्ये नांगरट करताना लागला, त्या २४१ वाल्या कोपऱ्यात बघितलं, चुनखडीचा पट्टा आहे तिथं, आणि तो वावराच्या पाचव्या हिश्शाएवढा नाही, चांगला तिसरा हिस्सा आहे. यंदा तिथं दोन नळ्या टाकणार.